पिल्लू पिंकी खात नाहीये? आधी थर्मामीटर बघा, मग उंदीर (इंदूरच्या थंडीसकट)

दिवाळी उलटली, रात्री पंखा बंद करायची वेळ आली की इंदूरच्या साप पाळणाऱ्यांचा एकच प्रश्न सुरू होतो, पिल्लू खात नाहीये काय करू. सोबत फोटो असतो, तीन फुटी काचेचा टँक, कोपऱ्यात शेवेच्या काडीएवढं कॉर्न स्नेकचं (हा पाळायचा बिनविषारी अमेरिकन साप) पिल्लू, त्याच्या नाकासमोर चिमट्यात धरलेली पिंकी म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, आणि खाली लिहिलेलं असतं की परवा पण दिली काल पण दिली, धुऊन दिली, कापून दिली, जिवंत पण देऊन पाहिली, तोंडच लावत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते कुणालाच आवडत नाही. झाकण लावा आणि आठवडाभर तिकडे फिरकू नका.

कारण कसंय, दहातली बहुतेक पिल्लं चोखंदळ वगैरे काही नसतात. त्यांना एकतर थंडी वाजत असते किंवा ती घाबरलेली असतात, आणि आपण जो जो उपाय करायला जातो तो तो त्यांच्यासाठी अजून एक धक्का असतो. एका आठवड्यात सात उपाय केले म्हणजे सात वेळा घाबरवलं, आणि समजा सातव्या दिवशी खाल्लंच तरी कशामुळे खाल्लं ते कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मध्ये ५ ते ७ दिवस जाऊ द्यायचे, एवढं पाळलंत तर खालचं अर्धं वाचायचीही गरज पडणार नाही.

पण त्याच्याही आधी, तुमच्याकडे आहे कोणता साप ते सांगा. अंगणात, बांधकामावर, नाहीतर शेतात सापडलेलं धामणीचं, मांडुळाचं, अजगराचं पिल्लू डब्यात ठेवून "उंदीर खात नाही" म्हणून विचारत असाल तर उत्तर एकच, वन विभागाला कळवा आणि देऊन टाका. भारतातले रानटी साप घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, मग ते बिनविषारी असोत की कितीही गोंडस असोत. आणि बॉल पायथॉन (पाळतात तो छोटा आफ्रिकन अजगर) परदेशी असला तरी तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या यादीत आहे, त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर (लागू झाली १ एप्रिल २०२३ ला) त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले, आणि पुढे जन्म, मृत्यू, मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. कागद नसलेला साप "भिया, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, एवढं बोलून हा विषय संपवतो.

आता खाणं. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारल्या होत्या का, काय खात होतं, जिवंत की फ्रोझन, आणि शेवटचं कधी खाल्लं? "हो हो मस्त खातो" हे उत्तर नाही. पुष्कळदा पिल्लू तिकडे जिवंत पिंकीवर वाढलेलं असतं आणि आपण फ्रीजरमधली देतो, किंवा अंड्यातून निघून पहिली कात टाकली आणि लगेच कुरियरने निघालं, म्हणजे त्याने आयुष्यात अजून एकदाही खाल्लेलंच नाही. घेताना कमीतकमी ४-५ वेळा ओळीने खाल्लेलं पिल्लू घ्यावं, चारपैसे जास्त गेले तरी चालतील. घेऊन झालं असेल तर निदान फोन करून विचारा तरी, कुठल्या डब्यात ठेवायचे, उजेडात द्यायचे की रात्री, साधा छोटा उंदीर की रॅट (मोठ्या जातीचा उंदीर), आणि पहिले दोन महिने अगदी तसंच करा. आपली हौस नंतर.

तापमान. इथे मी जरा जास्त लिहिणारे, कारण आपल्याकडे गडबड इथेच होते. मालव्याच्या रात्रीचं सगळे कौतुक करतात पण सापासाठी तीच रात्र वैरी आहे, दुपारी खोलीत २७ असतं आणि पहाटे तीच खोली १७-१८ वर येते, डिसेंबर-जानेवारीत बाहेर पारा १० च्या खाली जातो ते वेगळंच. कॉर्न स्नेकला टबच्या गरम बाजूला २८ ते ३० डिग्री आणि थंड बाजूला २२ ते २४ हवं, बॉल पायथॉनला गरम बाजू ३१-३२, थंड बाजू २५-२६, आणि बॉलला रात्री सुद्धा २४ च्या खाली नेऊ नका. सापाच्या पोटातलं पचन त्याच्या अंगाच्या उबेवर चालतं, ऊब नाही तर भूक नाही, आणि उबेविना खाल्लंच तर ते पोटात सडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेर येतं. म्हणजे थंडीत न खाणारं पिल्लू खरं तर शहाणपणा करत असतं.

राजेंद्रनगरला एका मुलाकडे गेलो होतो, कॉलेजचा पोरगा, सगळं वाचून केलेलं, हीट मॅट (टँकखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) आहे थर्मोस्टॅट आहे, टँकच्या काचेवर चिकटवलेलं गोल काट्याचं मीटर २९ दाखवतंय आणि पिल्लू दिवाळीपासून उपाशी. मी माझी इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारी) काढली आणि हाईडच्या, म्हणजे सापाच्या लपायच्या खोपटाच्या, आत जमिनीवर मारली तर २२. काटा खोटा बोलत नव्हता, तो वर काचेला चिकटला होता, जवळच ट्यूबलाइटचा चोक, तो तिथलंच सांगत होता. टँक ठेवला होता ग्रॅनाइटच्या ओट्यावर, मॅटची निम्मी ऊब दगड खाऊन टाकत होता, उरलेली वरच्या जाळीतून निघून जात होती. ओट्यावर लाकडी फळी टाकली, फळीवर चार कोपऱ्यांना छोटे ठोकळे म्हणजे मॅटखाली थोडी हवा राहील (मॅट दोन वस्तूंमध्ये घट्ट दाबून ठेवायची नाही, जळते), जाळीचा दोनतृतीयांश भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकला, आणि थर्मोस्टॅटचा प्रोब (वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) हवेत लोंबत होता तो मॅटच्या बरोबर वर, जमिनीलगत टेपने बसवला. पोराची आई शेजारी उभी राहून म्हणाली, एवढंच होतं होय, मी तर म्हणत होते त्याला नजर लागली. पुढच्या आठवड्यात साधी पिंकी, न धुतलेली न कापलेली, रात्री ठेवली आणि सकाळी नव्हती.

तर काट्याची मीटरं फेकून द्या. प्रोबवालं डिजिटल थर्मामीटर शे-दोनशेत मिळतं, दोन घ्या, एक गरम हाईडच्या आत आणि एक थंड बाजूला, आणि पहाटे पाचला एकदा उठून आकडा बघा, संध्याकाळचा आकडा काही कामाचा नाही. मॅटला थर्मोस्टॅट नसेल तर मॅट लावूच नका, नुसती मॅट ४५ च्या वर जाऊ शकते आणि साप भाजला तरी तिथून हलत नाही, त्यांना पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही. लाइट जाण्याचा प्रॉब्लेम असेल तर टब कपाटात ठेवा आणि शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून, तासाभराची सोय होते.

दुसरं, घर. हौसेने मोठा टँक आणतात सगळे, चारी बाजूंनी काच, आत एक प्लास्टिकचं झाड आणि मध्यभागी एक नारळाची करवंटी. ७-८ ग्रॅमच्या पिल्लाला तो टँक म्हणजे राजवाड्याच्या चौकात खाट टाकून झोपल्यासारखं आहे, सगळे बघतायत आणि लपायला जागा नाही. जंगलात या वयाच्या सापाला कावळ्यापासून ते मोठ्या बेडकापर्यंत सगळे खातात, मोकळ्यावर त्याचं डोकं जेवणाकडे लागणारच नाही. पिल्लाला ५-६ लिटरचा झाकणवाला प्लास्टिक टब पुरतो, बाजूंना सोल्डरिंगने बारीक भोकं (पेन्सिल जाईल एवढी फट ठेवलीत तर सकाळी साप सोफ्याखाली शोधाल), खाली टिश्यू किंवा पेपर, दोन हाईड, एक गरम बाजूला एक थंड, आणि हाईड इतकं लहान की पिल्लू वेटोळं घालून बसलं की पाठ छताला टेकली पाहिजे. वर चुरगाळलेले पेपरचे बोळे भरपूर. टँकच ठेवायचा असेल तर तीन बाजूंना जुना नईदुनिया पेपर चिकटवा. दिसायला काहीच छान नाही दिसत, पण तुम्हाला साप दाखवायचाय की जगवायचाय ते ठरवा.

घर आणि तापमान जागेवर आलं की मग ते आठवडाभर न फिरकणं. पाणी बदला, बाकी काही नाही. हातात घेणं नाही, पाहुण्यांना दाखवणं नाही, रील नाही. लहान पोरं घरात असतील तर टब वरच्या फळीवर, आणि टीव्हीच्या स्पीकरजवळ नको, कंपनं त्यांना जमिनीतून जाणवतात.

या आठवड्यात एक काम मात्र करा, वजनाचा काटा आणा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा बॉलच्या पिल्लाला चालेल, ते ५०-६० ग्रॅमचं असतं, पण कॉर्नच्या पिल्लाला तो बेकार, १० ग्रॅमचं पिल्लू अर्धा ग्रॅम उतरलं म्हणजे पाच टक्के गेलं आणि काट्याला पत्ता नाही. सराफ्यात असतो तसा दागिन्यांचा छोटा ०.१ ग्रॅमवाला काटा घ्या. डबीत पिल्लू, डबीचं वजन वजा, आठवड्यातून एकदा, तारीख टाकून वहीत. उपाशी असूनही वजन टिकतंय तर अजिबात घाबरायचं कारण नाही, धडधाकट पिल्लू ३-४ आठवडे सहज काढतं, बॉल तर त्याहून जास्त. दहा टक्क्यांच्या वर उतरलं, किंवा पाठीचा कणा वर येऊन अंग गोल न राहता त्रिकोणी दिसायला लागलं, तर हे वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

आणि डोळे बघा. दुधाळ निळसर झाले असतील, अंगाचा रंग मळकट झाला असेल तर कात टाकायची तयारी चाललीय, त्या दिवसांत बहुतेक खात नाहीत, कात पडू द्या, मग दोन दिवसांनी विचारा. निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम इथेच सुटतो आणि ते म्हणतात पिंकीला ट्यूना माशाचा वास लावल्यामुळे खाल्लं.

आता पिंकी द्यायची कशी. पिंकी म्हणजे नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं उंदराचं पिल्लू, दीड-दोन ग्रॅमचं. सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा किंचित जाड, याहून मोठी नको. फ्रीजरबद्दल घरात वाद होणार हे धरून चाला. आपल्या घरांत आधीच अर्ध्या जणांना अंडं फ्रीजमध्ये चालत नाही, तिथे उंदीर! आजीच्या श्रीखंडाशेजारी ठेवू नका, वादापेक्षाही साल्मोनेलामुळे (पोट बिघडवणारा जंतू). जुना मिनी फ्रीज मिळाला तर बघा, नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा परत पिशवीत, वर ठळक अक्षरात नाव लिहून. वितळवायचं भांडं आणि चिमटा वेगळा, तो सिंकमध्ये घासायचा नाही, हात साबणाने.

वितळवताना घाई नको. झिप पिशवीत घालून आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये, किंवा साध्या पाण्यात तासभर, आणि द्यायच्या आधी ४०-४५ डिग्रीच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे हाताला गरम लागेल पण चटका नाही असं. मायक्रोवेव्ह नाही, उकळतं पाणी नाही, पोट फुटतं आणि अर्धवट शिजलेल्या वासाला साप तोंड लावत नाही. मध्ये दाबून बघा, आत खडा लागला तर अजून बर्फ आहे. टिश्यूने कोरडी करा. उरलेली परत फ्रीजरमध्ये टाकायची नाही, टाकून द्या, आणि टाकताना कागदात नीट गुंडाळून द्या, कचरागाडीवरच्या माणसाने उघडून बघितलं तर तो दुसऱ्या दिवशी तुमच्याशी बोलणार नाही. कुंडीत पुरायची तर खोल पुरा, मांजर उकरते.

कॉर्नला संध्याकाळी उशिरा, दिवे मालवून. चिमटा लांब हवा, २५-३० सेंटिमीटरचा, आणि वरून नाही आणायचा, वरून येतं ते घार असतं. बाजूने, जमिनीलगत, हळू. पिल्लाची जीभ बघा. सुरुवातीला जीभ भराभर आत-बाहेर होते, मग तिचा वेग कमी होतो, जीभ बाहेर काढून वरखाली हळू हलवत राहतं, मान थोडी मागे जाते, नाक पिंकीच्या दिशेला धरून राहतं. तिथे तुम्ही गोठून जायचं, श्वाससुद्धा हळू. याउलट मान इंग्रजी एससारखी आखडून शेपटी पेपरवर फडफड करत असेल तर ती भूक नाही ती भीती आहे, पिंकी हाईडच्या तोंडाशी ठेवा आणि निघा. तोंडाला पिंकी टोचत बसायचं नाही, त्याने फक्त एवढं शिकतं की गुलाबी वस्तू आली की पळायचं. रात्रभर राहू द्या, सकाळी असेल तर काढा. रोज रोज द्यायची नाही, पाच दिवसांनी परत.

असं दोन-तीनदा साधं देऊन झालं, तापमान पक्कं आहे, कात नाही, वजन ठीक, तरी नाही, तर मग युक्त्या, आणि याच क्रमाने.

सगळ्यात आधी डबी. पाव लिटरची प्लास्टिकची डबी, झाकणाला भोकं, आत टिश्यूचा तुकडा, पिंकी आणि पिल्लू, झाकण लावून डबी टबमध्येच ठेवायची, पण मॅटच्या थेट वर नाही, बाजूला २७-२८ असेल तिथे, छोट्या डबीत आतून पटकन तापतं. रात्रभर. अंधार, अडचण आणि जेवण एकाच जागी, एवढ्यावर पुष्कळ पिल्लं सुरू होतात. हीच डबी जाड कागदी पिशवीत घालून ठेवली तरी चालते.

त्याने नाही झालं तर पिंकीच्या डोक्यावर सुईने किंवा ब्लेडच्या टोकाने बारीक छेद, आतला द्रव थोडा वर आला पाहिजे. ऐकायला घाण आहे, मला माहितीये, आमच्या घरी मी हे बाल्कनीत करतो कारण आत केलं तर जेवायला वाढणार नाहीत. पण चालतं, वासात फरक पडतो.

मग वास. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या दक्षिण-पूर्वेचा, आणि तिकडे जंगलात याची पिल्लं उंदराच्या आधी सरडे आणि छोटे बेडूक खातात. त्याला पिंकीत जेवण दिसतच नाही. किंगस्नेक या दुसऱ्या पाळीव सापाच्या पिल्लांचंही तेच, त्यांना पालीसरड्यांचा वास हवा. म्हणून पिंकी वास नसलेल्या साबणाने धुवा, भरपूर पाण्याने साबण काढा, कोरडी करा, आणि कुणाकडे पाळीव गेको (पालीच्या जातीचा) असेल तर त्याच्या हाईडमधल्या टिश्यूवर ती घासा. पिंकीचं फक्त डोकं घासलं तरी पुरतं. भिंतीवरची पाल पकडून घासायला जाऊ नका, पालीच्या पोटातले जंतू सापाला लागतात, आणि पालीलाही उगाच त्रास. गेकोसुद्धा निरोगी आहे हे माहीत असलेल्याचाच. हॉगनोज साप असेल तर त्याला भेकाचा म्हणजे टोडचा नाद असतो, पण त्याच्यासाठी ट्यूनाच्या डब्यातलं पाणी बऱ्याचदा पुरतं, तेलातला ट्यूना नको, पाण्यातला, बिनमिठाचा मिळाला तर उत्तम. काही पिल्लं मीठ-मसाला न घातलेल्या कोंबडीच्या पाण्याला भुलतात.

त्याच्यापुढे जिवंत पिंकी. मला हे शेवटी ठेवायला आवडतं, आणि इथे लोक हे सगळ्यात आधी करतात. केस न आलेली, डोळे न उघडलेली पिंकी सापाला चावू शकत नाही, म्हणून जिवंत द्यायचीच तर तेवढीच, आणि तीही नजरेसमोर, अर्ध्या तासात घेतली नाही तर तिच्या आईकडे परत. दात आलेला जिवंत उंदीर टबमध्ये सोडून झोपायला गेलात तर सकाळी साप कुरतडलेला मिळतो, हाडापर्यंत, हे मी वाढवून सांगत नाहीये. आणि घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर, किंवा गोदामातली उंदराची पिल्लं, कधीच नाही. उंदीर मारायच्या वड्या सगळीकडे टाकलेल्या असतात, ते विष उंदराच्या पोटातून सापाच्या पोटात जातं.

बॉल पायथॉनवाल्यांनो, तुमचं थोडं वेगळं आहे. तुमचं पिल्लू आधीच जाडजूड, त्याला पिंकी म्हणजे चिमूटभर चिवडा, तो ढुंकून बघत नाही आणि तुम्हाला वाटतं खात नाही. त्याला सुरुवातीलाच हॉपर, म्हणजे केस आलेलं डोळे उघडलेलं उंदराचं पिल्लू, किंवा रॅटचं छोटं पिल्लू, ८-१० ग्रॅमचं. बॉलच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, कॉर्नला ते नाहीत, त्यामुळे बॉलला उंदीर दिसण्याआधी गरम जाणवला पाहिजे. वितळवून झाल्यावर डोकं हेअर ड्रायरने ३८-४० पर्यंत गरम करा, चिमट्यात धरून हाईडच्या तोंडाशी चालल्यासारखं हलवा, आणि झेप घेतली की सोडून लगेच बाजूला व्हा. वेटोळ्यात घट्ट धरून दहा मिनिटं नुसतं बसेल, हलू नका, लाइट लावू नका, "खाल्लं का" बघायला झाकण उचललंत की सोडून देतं. वासासाठी बॉलला पक्ष्याची पिसं चालतात, आफ्रिकेत जंगलात छोटे बॉल पक्ष्यांची पिल्लं बऱ्यापैकी खातात. कोंबडीच्या पिल्लाच्या लवेवर उंदीर घासा. आणि जो उंदरावर वाढलाय आणि रॅटला तोंड लावत नाही त्याच्यासाठी रॅट उंदराच्या पिंजऱ्यातल्या भुशात तासभर पुरून ठेवा. ओलावा बॉलला ५५ ते ६५ टक्के हवा, आपल्या एप्रिल-मे मध्ये कूलर नसलेल्या खोलीत तो २० वर येतो, तेव्हा ओल्या मॉसचा (शेवाळाचा) डबा ठेवा. मोठे बॉल थंडीत महिनोन्महिने खात नाहीत ते चालतं, पिल्लाच्या बाबतीत तो हिशेब लावू नका.

तोंड उघडून घालणं. यात दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे पिंकीचं डोकं तोंडात अडकवून हळूच खाली ठेवायचं आणि बाकीचं त्याने स्वतः गिळायचं, दुसरं म्हणजे घशात ढकलायचं. दुसरं घरी करायचंच नाही, अन्ननलिका फाटते, जबडा मोडतो. पहिलंसुद्धा ज्याने हाताने केलंय त्याच्यासमोर बसून शिका, व्हिडिओ बघून नको. वजन उतरत असेल आणि वरचं सगळं झालं असेल तरच ही वेळ येते, आणि तोपर्यंत डॉक्टरने एकदा बघितलेलं असलं पाहिजे. शहरात साप हातात घेणारे डॉक्टर कमी आहेत, फोन करून आधी विचारूनच जा, नाहीतर महूचं व्हेटरनरी कॉलेज वीसेक किलोमीटरवर आहे. जाताना ताजी विष्ठा झिप पिशवीत न्या, वजनाची वही न्या, तापमानाचे फोटो न्या. थंडीत नेताना थर्मोकोलच्या डब्यात, कापडी पिशवीत साप, शेजारी कोमट बाटली.

काही गोष्टींत मात्र आठवडाभर वाट बघायची नाही. तोंड उघडं ठेवून श्वास, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी फेस किंवा तार, हिरड्यांवर पिवळट चिकट काही, मान वळवून आकाशाकडे बघत राहणं, अंगावर गाठ. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके बुडालेले दिसले तर ते माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत, पांढऱ्या टिश्यूवर पिल्लू फिरवलं की आणखी दिसतात, अशा पिल्लाला भूक लागणारच नाही. त्याच्यावर कुत्र्याचं पिसवांचं औषध मारू नका, आणि जंताचं औषध स्वतःच्या मनाने तर नाहीच, १० ग्रॅमच्या जिवाला थेंबभर जास्त झालं तरी संपलं.

खाऊन उलटी केली तर लोकांना वाईट वाटतं आणि ते लगेच दुसरी पिंकी देतात. अजिबात नाही. १०-१४ दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या अर्ध्या आकाराची, मग आठवड्याने तेवढीच. कारण जवळजवळ नेहमी तेच असतं, खाल्ल्यावर हातात घेतलं, थंडी, किंवा पिंकी मोठी. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही, मावशी नागपूरहून आलेली असली तरी. दुसऱ्यांदा उलटी झाली तर डॉक्टर.

आणि एकदा खायला लागलं की तिथे थांबू नका, वासाची सवय सोडवायला घ्या. ओळीने तीन-चारदा गेकोच्या वासाची पिंकी घेतली की पुढच्या वेळी वास फक्त नाकाच्या टोकाला लावा, मग न धुतलेल्या पिंकीला अगदी नावापुरता, मग साधी. मध्ये एकदा नाकारलं तर एक पायरी मागे या, आणि पुढचे ५-७ दिवस नेहमीसारखे जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी डबी घेऊन हजर होऊ नका. डबीत खाणारं असेल तर आधी डबीचं झाकण टबमध्ये अर्धवट उघडं ठेवून, मग झाकणाशिवाय, मग हाईडमध्ये. मोठ्या टँकमध्ये हलवायची घाई नको, साध्या पिंकीवर सलग आठ-दहा वेळा खाल्लं आणि वजन दुप्पट झालं की मग हलवा, आणि हलवल्यावर जुनं हाईड न धुता तेच आत ठेवा. टँकमध्ये एक-दोनदा नाही खाल्लं तर परत टबात, पुन्हा महिनाभर. विचारायला येताना गरम हाईडच्या आतला पहाटेचा आकडा, आत्ताचं आणि मागच्या आठवड्याचं वजन, शेवटची कात कधी पडली, आणि आत्तापर्यंत काय काय कुठल्या तारखेला दिलं एवढं लिहून पाठवा, नुसता "खात नाहीये" आणि रडका चेहरा पाठवलात तर मी पण तेच पाठवणारे.